दुष्काळी काम, वतन आणि रोजगाराचा हक्क
(बारामती–इंदापूर परिसराच्या इतिहासाच्या आधारे)

दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात महाविजित नावाच्या राजाची कथा येते. राजाला मोठा यज्ञ करावयाचा असतो आणि त्यासाठी कर बसवावा असा त्याचा विचार असतो. परंतु राज्यात चोर-लुटारूंचा उपद्रव फार. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, फाशी, तुरुंग वा दंड यांनी हा उपद्रव समूळ जाणार नाही. जे शेती व गोपालन करतात त्यांना बी-बियाणे व चारा द्यावा, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे राजसेवेत आहेत त्यांना अन्न व वेतन द्यावे. लोक आपापल्या उद्योगाला लागले की राज्यात आपोआप शांतता नांदेल. पुढे यज्ञ होतो, तेव्हा त्यात एकही पशू मारला जात नाही आणि दास व मजूर यांना काठीचा धाक दाखवून, रडत-कुढत राबविले जात नाही. ज्याची इच्छा असेल त्यानेच काम करावे, असा तेथे दंडक असतो.

चक्कवत्तिसीहनादसुत्त याच विचाराची दुसरी बाजू दाखविते. तेथील राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यापोटी चोरी होते. पकडलेल्या चोराची हकीकत ऐकून राजाला दया येते व तो त्याला धन देतो. ही वार्ता पसरताच इतरही चोरीकडे वळतात, तेव्हा राजा शिरच्छेदाचा मार्ग धरतो आणि हिंसा वाढतच जाते. आमच्या मते या कथेतील महत्त्वाचा बोध असा की, अनर्थ घडून गेल्यावर एखाद्याला दया म्हणून दिलेले धन समाजाचे दारिद्र्य हटवीत नाही. त्यासाठी अगोदरपासून ठरलेली, सर्वांना लागू असलेली व्यवस्था लागते.

या दोन सुत्तांच्या प्रकाशात सरकारी साहाय्याच्या इतिहासाकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हा परिसर निवडला आहे. भीमा व नीरा या दोन नद्यांमधला हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे पाऊस थोडा आणि लहरी. त्यामुळे रयतेला जगविण्यासाठी सरकारने जे जे उपाय गेल्या दोनशे वर्षांत केले, त्यांपैकी बहुतेकांची चाचणी या भूमीवर झाली. प्रत्येक उपायाला आम्ही तीन प्रश्न विचारू इच्छितो. हे साहाय्य मेहेरबानी म्हणून दिले की हक्क म्हणून? ते कोणाच्या हातून वाटले गेले? आणि त्यातून जी संपत्ती उभी राहिली ती शेवटी कोणाच्या पदरात पडली?

सारापद्धतीची सुधारणा व तिच्या मर्यादा

पेशवाईच्या अस्तानंतर कंपनी सरकारने प्रिंगल यांच्याकरवी दख्खनमध्ये जमीनमहसुलाची नवी आकारणी केली. ती कागदावर शास्त्रशुद्ध दिसत असली तरी रयतेला पेलवणारी नव्हती. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडल्या, कुळे गाव सोडून गेली. तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इ. स. १८३५–३६ च्या सुमारास इंदापुरातच नव्याने पाहणी करून दर उतरविले व ते तीस वर्षांसाठी कायम केले. मुंबई इलाख्यातील प्रसिद्ध रयतवारी सर्व्हे पद्धतीचा उगम तो हाच. सरकारने लोकांची स्थिती पाहून आपली चूक दुरुस्त केल्याचे हे एक जुने उदाहरण होय.

मात्र ही सुधारणा खातेदारासाठी होती. ज्याच्या नावावर सर्व्हे नंबर, तो सरकारच्या दृष्टीने रयत. गावकुसाबाहेरच्या महार-मांगांचे जिणे बलुत्यावर आणि हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यावर अवलंबून होते. खातेदाराचा सारा उतरला म्हणून त्यांची राबणूक उतरली नाही.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणीत सारा वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव याच सुमारास कोसळला आणि शेतकरी सावकाराच्या पाशात सापडला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी व आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्याची ती सुरुवात होती. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला व १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. हा कायदाही जमीनधारक ऋणकोचा होता. ज्याला गहाण टाकण्यासही जमीन नव्हती, त्याच्यासाठी त्यात काही नव्हते.

१८७६ : पोटापुरते काम

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः इंदापूर व भीमथडी तालुक्यांत, भीषण दुष्काळ पडला. सरकारने रस्ते, तलाव व कालवे यांची दुष्काळी कामे काढली. नीरेचा डावा कालवा हे त्यांपैकी एक मोठे काम. त्याचा आराखडा पूर्वीच तयार होता. दुष्काळात उपाशी हातांना काम देण्यासाठी तो हाती घेण्यात आला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले.

या कामांवरील मजुरीचा इतिहास उद्बोधक आहे. खर्च फार होतो म्हणून हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठविले. १८७७ च्या आरंभी मजुरी उतरवून एका पुरुषाला सुमारे एक रत्तल धान्याची किंमत व वर अर्धा आणा इतकी करण्यात आली. शिवाय खरोखर गरजू कोण हे पारखण्यासाठी काम मुद्दाम घरापासून दूर द्यावयाचे, असाही नियम केला गेला. म्हणजे जो उपाशी आहे त्याने आपली उपासमार मैलोगणती चालून सिद्ध करावयाची! याविरुद्ध मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसेही अपमानकारक साहाय्य नाकारू शकतात, हे त्या वेळी दिसून आले. याच दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम चालविला आणि सावित्रीबाई फुले जुन्नर भागात अन्नदानाच्या कामात राबत होत्या. सरकार माणशी धान्याचा हिशेब करीत असता म. फुल्यांच्या अनुयायांनी माणूस म्हणून मुलांना पोटाशी धरले, हा भेद आम्हांला मोलाचा वाटतो.

पुढे स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली अहवाल दिला, १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला व निरनिराळ्या प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या. दुष्काळ जाहीर केव्हा करावा, कामे कशी काढावीत, मजुरी किती द्यावी, अपंगांना घरपोच साहाय्य कसे द्यावे हे नियमबद्ध झाले. हे पाऊल लहान नव्हते. लहरीची जागा नियमाने घेतली. परंतु नियम सरकारी अधिकाऱ्यांसाठी होता. उपाशी माणसाला त्या नियमाच्या आधारे काही मागता येत नव्हते.

आता तिसरा प्रश्न. नीरेच्या कालव्याचे पाणी कोणाच्या पदरात पडले? कालव्याखाली ऊस आला. सासवडकडील माळी बागाईतदारांनी या भागात येऊन उसाची शेती वाढविली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत सुरू केली. पुढे भाटघरचे नवे धरण झाले, साखर कारखाने उभे राहिले आणि बागाईत पट्ट्याचे रूप पालटले. कालवा खणणाऱ्यांतील भूमिहीनांना मिळाली ती त्या दिवसांची अपुरी मजुरी. पाणी मिळाले ते ज्याच्याकडे जमीन होती त्याला. शिवाय कालव्याच्या वरच्या अंगाची सुपे-मोरगावकडील गावे जिराईतच राहिली. एकाच तालुक्यात बागाईत व जिराईत असे दोन मुलूख निर्माण झाले आणि दोन्हींकडे महारवाडा मात्र मजुरीवरच राहिला.

वतन : बिनपगारी सरकारी हात

सरकारी साहाय्याच्या इतिहासात महार वतनाचा विचार सहसा केला जात नाही. आम्हांला तो अत्यावश्यक वाटतो. कारण सरकारचा हुकूम गावापर्यंत पोहोचविणारा शेवटचा हात महाराचा होता. सरकारी टपाल नेणे, वसुलाच्या रकमेसोबत जाणे, हद्दी दाखविणे, आलेल्या अंमलदाराची बडदास्त ठेवणे ही कामे तो करी. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ही सेवा बांधलेली होती. कामाला वेळ नव्हती व कामाची यादीही नव्हती. घरचा पुरुष हजर नसेल तर कुटुंबातील दुसऱ्याने जावयाचे. मोबदला म्हणजे अपुरी वतनी जमीन व गावकऱ्यांनी दिले तर बलुते. नीरेच्या खोऱ्यातील या जिण्याचे चित्र बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात पुरंदर तालुक्यातील वीरगाव व नीरेपलीकडील फलटण येथल्या आठवणींतून रेखाटले आहे.

वतन हे वरकरणी संरक्षण वाटे. जमीन आहे, बलुते आहे, गावात मान आहे, असे आमच्या वाडवडिलांनाही वाटत असे. बाबासाहेबांनी हा भ्रम फोडला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनदाराला सेवेतून मुक्त होता यावे, पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडे राहावी, बलुत्याचे रूपांतर पैशात व्हावे आणि जो सरकारचे काम करील त्याला ठरलेले वेतन मिळावे, असा त्याचा आशय होता. विधेयक १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. परंतु प्रश्न थांबला नाही. १६ डिसेंबर १९३९ रोजी नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वतनदार महार, मांग व वेठिया यांची परिषद झाली. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि हा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला.

कूटदन्तसुत्तात राजसेवेतील लोकांना वेतन होते व यज्ञात मजुरांवर वेठ नव्हती. बाबासाहेबांची मागणी नेमकी तीच होती. ज्याचे श्रम वेठीला बांधलेले आहेत त्याला दिलेले कोणतेही साहाय्य हे साहाय्य राहत नाही, तो बेडीचा आणखी एक दुवा होतो.

याच काळात नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली अहवाल दिला. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावू म्हटले की गाव त्यांच्याविरुद्ध बहिष्काराचे शस्त्र उपसते आणि पोटासाठी गावावर अवलंबून असल्यामुळे त्यांना नमावे लागते, हे समितीने स्पष्टपणे नोंदविले. त्या समितीच्या शिफारशींतून मागासवर्ग खाते उभे राहिले व आजच्या समाजकल्याणाच्या यंत्रणेची पाळेमुळे तेथवर जातात. म्हणजे मुंबई इलाख्यातील या यंत्रणेच्या जन्माच्या वेळीच तिच्यासमोर बहिष्काराचा प्रश्न उभा होता.

१९७२ : बावडा आणि दुष्काळ

हा प्रश्न संपला नव्हता याची साक्ष इंदापूर तालुक्यानेच दिली. १९७२ साली तालुक्यातील बावडा येथे दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार घालण्यात आला. महाराष्ट्रभर त्याचे पडसाद उमटले. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे बौद्ध स्त्रियांची झालेली विटंबना व बावड्याचा बहिष्कार या घटनांनी संतप्त झालेल्या तरुणांनी त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना केली.

त्याच वर्षी पाऊसही पाठ फिरवून गेला. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांपर्यंत पोहोचली. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते ही कामे निघाली. मिलो ज्वारी आणि सुकडी यांच्या आठवणी त्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. बारामतीच्या जिराईत भागातही पाझर तलावांची कामे झाली.

बावडा आणि दुष्काळ या दोन घटना एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानी येते. बहिष्कार म्हणजे काय? शेतात काम नाही, दुकानात माल नाही, गिरणीत दळण नाही. जेथे सर्व काम गावच्या हाती असते तेथे बहिष्कार हा उपासमारीचाच दुसरा प्रकार होतो. अशा वेळी गावच्या मर्जीबाहेरचे, सरकारने हक्काने दिलेले काम ही केवळ मजुरीची सोय नसते; मान न वाकविता जगण्याची ती वाट असते. रोजगार हमीचे आमच्या दृष्टीने खरे महत्त्व येथे आहे.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ साली असा प्रयोग झाला होता. १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली. १९७५ साली तिच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला आणि १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितल्यास पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. स्त्री व पुरुष यांना कामाच्या मापाप्रमाणे सारखाच दर. १८८३ ची संहिता अधिकाऱ्याला सांगत होती की काम द्यावे; १९७७ चा कायदा मजुराला सांगत होता की काम माग. शंभर वर्षांत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा होय. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातील कामाच्या हक्काचे तत्त्व महाराष्ट्राने काही अंशी तरी कायद्यात उतरविले.

परंतु उणिवाही तितक्याच स्पष्ट होत्या. बेकारभत्ता दिवसाला अवघा एक रुपया ठरविलेला, आणि तोही क्वचितच पदरी पडे. हजेरीपटावर खोटी नावे, मापात कपात, पगाराला विलंब या तक्रारी नित्याच्या झाल्या. १९८८ मध्ये मजुरीचे दर वाढविण्यात आले. त्यानंतर योजनेवरील कामाचे दिवस झपाट्याने घटले. दर वाढले आणि काम आटले, हा अनुभव ज्यांनी काम मागितले त्यांनाच विचारावा. आणि पाझर तलावाचे पाणी पुन्हा तलावाखालच्या विहिरीत, म्हणजे ज्याची जमीन व विहीर त्याच्याकडेच गेले. १९९० पासून योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीचा लाभही जमीन असणाऱ्यालाच घेता येणार होता. कालव्याचीच कथा तलावाच्या रूपाने पुन्हा घडली.

हात कोणाचा?

रोजगार हमीची एक विशेषता अभ्यासकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. तिची सूत्रे जिल्हाधिकारी, तहसीलदार व सरकारी खात्यांकडे होती. ग्रामपंचायतीला तीत फारसे स्थान नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, अनुसूचित जाती-जमातींच्या जमिनीवरील विहीर व बांधबंदिस्तीची कामे योजनेत आणली आणि किमान निम्मी कामे ग्रामपंचायतीकडे सोपविली. जमिनीच्या मालकीचा प्रश्न त्याने काही प्रमाणात ओळखला, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाटपाचा हात पुन्हा गावाकडे आला.

येथे बाबासाहेबांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण आठवते. खेडे हे संकुचितपणाचे व जातीयतेचे आगर आहे, म्हणून त्यांनी व्यक्तीला संविधानाचा घटक मानले. दुसऱ्या बाजूस, १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत अनुसूचित जाती व स्त्रिया यांना राखीव जागा मिळाल्या. तेव्हा गावाच्या हातावर विश्वास ठेवावा की दूरच्या सरकारी हातावर? इतिहासाचे उत्तर असे की दोन्ही हातांनी आम्हांला फसविले आहे आणि दोन्ही हातांवर देखरेख ठेवूनच काही मिळविता आले आहे. सार्वजनिक सभा मजुरांच्या बाजूने उभी राहिली तेव्हा १८७७ च्या मजुरीचा प्रश्न सरकारपुढे गेला. वतन रद्द झाले ते बाबासाहेबांनी तीस वर्षांचा लढा उभारला म्हणून. १९६४–६५ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो लोक तुरुंगात गेले. पडीक जमीन, धान्यवाटप, किमान वेतन व बौद्धांच्या सवलती या साऱ्या मागण्या तेव्हा एकाच सनदेत होत्या.

बौद्धांच्या सवलतींचा अनुभव याच स्वरूपाचा. धम्म स्वीकारताच केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. साहाय्य ही मेहेरबानी असती तर आमच्या लोकांनी धम्म सोडून ती मिळविली असती. त्यांनी तसे केले नाही. हक्क म्हणून मागितले आणि मिळविले. ३४ वर्षांच्या त्या वाटचालीत अनेकांची शिक्षणे थांबली, नोकऱ्या हुकल्या, हे विसरता कामा नये.

उपसंहार

या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, साहाय्याचा प्रवास मेहेरबानीकडून नियमाकडे व नियमाकडून हक्काकडे झाला आहे आणि तो मागेही फिरू शकतो; कायदे बदलतात, नावे बदलतात, अटी वाढतात. दुसरा, मजुरी हे अर्धेच साहाय्य होय. श्रमाने निर्माण झालेल्या पाण्यात व जमिनीत वाटा नसेल तर पुढील दुष्काळात तोच मजूर त्याच जागी खडी फोडताना दिसतो. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न पाहता तिचे वाटप व्हावे, अशी योजना मांडली होती, ती याच जाणिवेतून. तिसरा, बहिष्काराला केवळ दंडाचा कायदा पुरत नाही. २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्याच्या पोटाची दोरी दुसऱ्याच्या हाती आहे त्याला फिर्याद देण्याचे बळ कोठून येणार?

म्हणून विहारांवर एक जबाबदारी येते असे आम्हांला वाटते. वंदना व धम्मप्रवचन झाल्यावर अर्धा तास काढून ग्रामसभेची सूचना वाचावी, वस्तीतील कोणी काम मागितले व त्याला पोच मिळाली काय ते पाहावे, हजेरीपटावरील नावे तपासावीत, वृद्ध व निराधारांचे अर्ज लिहून द्यावेत. हे धम्मकार्याहून वेगळे नाही. महाविजिताच्या पुरोहिताने राजाला जो सल्ला दिला, तो लोकशाहीत राजाच्या कानी घालण्याचे काम आता नागरिकाचे आहे. नीरेच्या कालव्याचे पाणी आजही बारामतीहून इंदापूरकडे वाहते. तो ज्यांनी उपाशीपोटी खणला त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांच्या वंशजांनी हक्काचा कागद वाचावयास शिकणे, हेच त्यांचे स्मारक होय.